जयवंताचा फडका

“मगे गळता खंयसून?” वस्तादांनी विचारले.

“सगळ्या बाजून गळता,” जयवंत म्हणाला, आणि हातातल्या फडक्याने पंपावरून सरसर हात फिरवला. पंप एकदम कोरडा झाला.

वस्ताद वाकून बघू लागले.

“खंय?”

“आता पुसलंय मां मी.”

“हां...” म्हणत वस्ताद सरळ झाले.

माडवण खाडीत उस्मान सारंगांना सगळे वस्तादच म्हणतात. होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. जयवंत मेतर त्यांच्याच हाताखाली तयार झाला, आणि तयार झाल्यावर धक्क्याच्या वरच्या अंगाला स्वतःचं दुकान घालून बसला. दुकानात टाइल्स, भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले पाने, अंगात पांढरा शर्ट. दिवसभर इंजिनं उघडूनही त्या शर्टावर डाग पडत नाही अशी त्याची ख्याती होती. ती पसरवण्यात त्याचा स्वतःचाही हात होता म्हणा.

दुकान घातल्यापासून त्याने वस्तादांना काही विचारलं नव्हतं.

आजही विचारलं नसतं. पण आई खुर्चीत बसली होती.

गोदाआये, जयवंताची आई. खुब्याचं ऑपरेशन होऊन आजच दवाखान्यातून सुटली होती. धक्क्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत, डोक्यावर छत्री, मांडीवर औषधांची पिशवी, अंगावर लेकीने पाठवलेलं नवंकोरं अबोली लुगडं. घर खाडीपलीकडे खाजणवाडीत. तिकडे गाडीरस्ता नाही. जांभ्याच्या पायऱ्यांची घाटी आहे, ती धडधाकट माणसालाही मध्येच बसवते. राहिली ती होडी.

होडी जावयाची, दिगू कोयंडेची. मागे आउटबोर्ड इंजिन.

खाडीच्या मध्ये खडपाचा उथळ पट्टा आहे. तिथे इंजिन पाण्यातून वर उचलून होडी बांबूने रेटत न्यावी लागते. उचलायचं काम हा पंप करतो. बटण दाबलं की तेलाच्या जोरावर एक जाड रॉड बाहेर येतो आणि इंजिनाला वर धरून ठेवतो. तेल गळून गेलं की रॉडात जोर राहत नाही. इंजिन बसतं, खडपावर आपटतं, आणि होडीला असा हिसका बसतो की बसलेला माणूस उडतो.

डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावली होती. हिसका नको.

“वस्तादाक बोलवा,” गोदाआयेने सांगून टाकलं होतं, “नायतर मी हयच ह्या खुर्चेर म्हातारी होतलंय.”

“म्हातारी तू झालंस,” जयवंत म्हणाला होता.

“मगे मरतलंय. पण वस्तादाक बोलवा.”

तर वस्ताद आले होते.

“सील बदललंस?” त्यांनी विचारलं. सील म्हणजे रॉडाभोवती तेल अडवणारी रबराची कडी.

“दरवेळी नवीन घातलंय. ओरिजिनल.”

“आणि?”

“चार दिवस ऱ्हवता. मगे परत...” जयवंताने फडका घेतला. पंपाच्या कडेला तेल चमकू लागलं होतं. त्याने ते टिपलं.

“वर घे इंजिन.”

दिगूने बटण दाबलं. घुंई करत इंजिन वर आलं. रॉड बाहेर आला, असा चकचकीत की त्यात गोदाआयेची छत्री दिसत होती.

जयवंताचा फडका पुन्हा पुढे झाला.

वस्तादांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. नीट घडी घातली. धक्क्याच्या पायरीवर ठेवली, आणि तिच्यावर बसले.

“वस्ताद... माझो फडको.”

“आसा. खंय जाता?”

“पण गळता तां...”

“गळांदे.”

जयवंताला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. त्याने दिगूकडे पाहिलं. दिगू आपल्या पायाच्या पट्टीकडे बघत होता.

त्या पट्टीचं असं झालं होतं. गेल्या आठवड्यात खडपाच्या पट्ट्यावर इंजिन अचानक बसू लागलं, तेव्हा दिगूने पाण्यात उडी मारून ते खांद्यावर झेललं. इंजिन वाचलं. पण खडपावर कालवं होती, त्यांच्या धारदार शिंपल्यांनी तळवा कापून काढला. तेव्हापासून तो लंगडत होता, आणि मेव्हण्याला त्याने एका शब्दाने बोल लावला नव्हता. जयवंताला तेच जास्त लागत होतं.

“बस,” वस्ताद म्हणाले.

“पाणी उतरता हा, वस्ताद. सुकती लागली.”

“म्हणान तर बस.”

जयवंत बसला. पांढरी पँट मळेल म्हणून आधी पायरी फुंकली, मग बसला.

...

तिघे पंपाकडे बघत राहिले. गोदाआये तिघांकडे बघत राहिली.

जयवंताचे हात वळवळत होते. तेलाचा एक थेंब धरला, फुगला, ओघळला. त्याच्या मागून दुसरा. फडका नसल्याने त्याने बोटांनीच पुसायला हात पुढे केला. वस्ताद नुसते खाकरले. हात मागे आला.

...

“काय बगतास तुमी?” गोदाआये वैतागून ओरडली. “पिक्चर लागलो आसा काय थंय?”

“व्हय, वयनी,” वस्ताद म्हणाले. “तुमच्या झिलाचो.”

...

मग जयवंतालाच दिसलं.

तेल सगळ्या बाजूंनी गळत नव्हतं. रॉड जिथून बाहेर येतो तिथे एकाच अंगाला ते उगवत होतं, आणि तिथून खाली पसरत होतं. आजवर ते त्याने कधी उगवताना पाहिलंच नव्हतं. पसरलेलंच पाहिलं होतं, आणि लगेच पुसलं होतं.

“हय...” तो म्हणाला. “हयसून येता.”

“हयसूनच कित्याक?”

“सील खराब...”

“नवीन घातलंस मां? ओरिजिनल?”

जयवंत वाकून रॉडाभोवतीचं सील चाचपू लागला.

वस्ताद उठले. गोदाआयेपाशी जाऊन म्हणाले, “वयनी, वायच कापूस दिया.”

“माझे जखमेचो आसा तो.”

“ह्याची पण जखमच आसा.”

गोदाआयेने पिशवीतून कापसाची गुंडाळी काढली आणि जिवावर आल्यासारखा एक चिमूट तोडून दिला. वस्तादांनी त्यातला अर्धा जयवंताच्या हातात ठेवला.

“रॉडावरसून फिरव. हळू. मांजराक हात लावतस तसो.”

जयवंताने फिरवला. खालून वर, वरून खाली. मग हात काढला.

त्या आरशासारख्या रॉडावर कापसाचे पांढरे तंतू उभे होते. एका ओळीत, गळत होतं त्याच अंगाला. हवेने हलत होते.

डोळ्याला न दिसणारे चरे. प्रत्येक चऱ्यात एकेक तंतू अडकलेला.

“रॉड चकचकीत कोणी केल्यान?” वस्तादांनी विचारलं.

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. जयवंताच्या दुकानातून इंजिन बाहेर पडताना नव्यासारखं दिसायचं. खाऱ्या पाण्याचे डाग, चिकटलेली कालवं, तो काही ठेवायचा नाही. सील बसवण्याआधी रॉडाला पॉलिशपेपर मारायचा, मग पुन्हा मारायचा. चकचकीत करण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे.

“मीच,” जयवंत म्हणाला.

“दरवेळी?”

“दरवेळी.”

रॉड वरखाली होताना ते चरे नव्या सीलाला कापत होते. सील फाटलं की तो नवं सील आणायचा, आणि बसवण्याआधी रॉड आणखी घासायचा.

...

तो तसाच बसून राहिला. त्याला आपला रागही येईना. खाली पाणी पायऱ्यांवरून उतरत होतं, आणि ओली पायरी उघडी पडत होती.

वस्ताद पुन्हा फडक्यावर जाऊन बसले होते. विडी पेटवून म्हणाले,

“पयलो थेंब केवा बगलंस?”

जयवंताने मान वर केली.

“ह्या खेपेचो. पयलो.”

...

“दिगूचो पाय कापलो त्या दिसा?”

“नाय...” जयवंत म्हणाला. मग म्हणाला, “व्हय. त्याच दिसा. सकाळी.”

दिगूने पट्टीवरची नजर काढली.

“इंजिन बसवलंय. एक थेंब इलेलो. भावोजी दोरी आणूक गेलेले. मी म्हटलंय, दोरी कशाक, माझ्या कामाक दोरी लागणा नाय...” त्याने रॉडाकडे पाहिलं. “आणि थेंब पुसलंय.”

माडवण खाडीत एक रीत आहे. दुरुस्त झालेलं इंजिन पहिल्या फेरीला नेताना त्याच्या डोक्याला दोरी घालून होडीच्या आडव्या फळीला बांधतात. पंपाने दगा दिला तर दोरी धरते. कुणाच्याही हातचं काम असो, वस्तादांचंही. ती दोरी जयवंताला अपमान वाटायची. दुकानात त्याने गिऱ्हाइकांना सांगूनच ठेवलं होतं की माझ्याकडचं इंजिन बांधून न्यायचं नाही.

“म्हणजे तुका म्हायत होता?” दिगूने विचारलं.

“व्हय.”

“आणि मी पाण्यात उडी मारलंय.”

“व्हय, भावोजी.”

आता दिगू काय करतो याची सगळ्यांना धास्ती होती. गोदाआयेने छत्री मिटली. तिने सगळं ऐकलं होतं.

दिगूने कपाळावर हात मारून घेतला.

“मेल्या,” तो म्हणाला, “थेंब दाखवलं असतंस तर मी दोरी बांधलंय असतंय. तुझ्या थेंबाक कोण हसणार होतो रे? माझा इंजिन थुकता, माझी होडी पाणी घेता. माझो घोरणो ऐकून तुझी भयण ओसरेर झोपता. थेंब म्हणे!”

गोदाआयेला हसू आलं, आणि हसल्यावर खुबा दुखला म्हणून तिने जावयाला शिवी दिली.

जयवंत हसला नाही. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आठवडाभर तो एक थेंब त्याच्या छातीवर बसून होता, आणि आता उठला होता. त्याला इतकं हलकं वाटलं की त्याचीच त्याला लाज वाटली. समोर रॉड फुकट गेलेला, पाणी उतरतंय, आई खुर्चीत, आणि याला हलकं वाटतंय!

वस्तादांनी विडी विझवली.

“माझ्या शेडीत जा,” ते म्हणाले. “मागच्या कोपऱ्यात गोणपाटात रॉड आसा. ह्याच मापाचो. मोडीतल्या इंजिनाचो.”

जयवंत धावत गेला. माडाच्या झापांच्या त्या शेडीत तो कित्येक वर्षांत शिरला नव्हता. गोणपाट उघडलं तर आत काळ्या, घट्ट, जुनाट ग्रीसचा एक लांबट गोळा. त्यात रॉड आहे हे सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. तो त्याने छातीशी धरून आणला, आणि पांढरा शर्ट तिथेच संपला.

“हो?” दिगू म्हणाला. “ह्येका तर कोणी हात पण लावूचो नाय.”

“म्हणानच बरो ऱ्हवलो,” वस्ताद म्हणाले.

मग ते उठले. खालची घडी काढून जयवंतापुढे धरली.

“आता पूस.”

जयवंताने फडका घेतला. हात थांबला.

“पुसू?”

“बगून झाला मां? मगे पूस. नुसता पूस, घासू नको.”

जयवंताने ग्रीस हळूहळू उतरवलं. आतून रॉड निघाला. मळकट, निस्तेज, जागोजागी पिवळा पडलेला. वस्तादांनी कापसाचा उरलेला तुकडा पुढे केला. जयवंताने तो रॉडावरून फिरवला.

कापूस आला तसा परत आला. रॉडावर एकही तंतू नव्हता.

सवयीने त्याचा डावा हात हत्यारांच्या पेटीत गेला, पॉलिशपेपरवर पडला. त्या पिवळ्या डागांकडे त्याला बघवत नव्हतं... मग त्याने पेपर चुरगळला आणि खिशात कोंबला.

पंप उघडला, जुना रॉड काढला, हा घातला. नवं सील ग्रीस लावून बोटाने दाबून बसवलं. तेल भरलं. बटण दाबून इंजिन वर-खाली, वर-खाली केलं, आतली हवा बुडबुड करत निघून जाईपर्यंत. वस्तादांनी कशालाही हात लावला नाही. एकदा फक्त तो बोल्ट जास्त आवळू लागला तेव्हा म्हणाले, “पुरे.” त्याने पाना ठेवला.

त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

“आता दिसता,” गोदाआये खुर्चीतून म्हणाली. “ह्येचो बापूस घराक येय तेवा हात बगूनच कळा, काय काम झाला तां. जाळा ओढलीत, तांडेल म्हणान सुकाणार उभो ऱ्हवलो, की नुसतो पत्ते कुटून इलो. ह्येचे हात बगून काय्येक कळत नाय. कामार गेल्लो की लग्नाक, देवाक म्हायत.”

“आये, गप बस गे.”

“गपच आसंय. सकाळपासून गपच बसलंय.”

इंजिन वर उचलून ठेवलं होतं. सगळे बघत बसले. या वेळी जयवंत आपणहून बसला, पायरी न फुंकता.

...

थेंब आला नाही.

“चला,” दिगू म्हणाला. “पाणी कोणाची वाट बगूचा नाय.”

गोदाआयेला खुर्चीसकट उचलून होडीत मध्यावर ठेवलं. वस्तादही चढले. दिगूने इंजिन सुरू करायची दोरी हातात घेतली तोच जयवंत म्हणाला, “थांबा, भावोजी.”

फळीखालून त्याने बांधायची जाड दोरी काढली. इंजिनाच्या डोक्याला फास घातला, दुसरं टोक आडव्या फळीला गुंडाळून गाठ मारली. काळ्या हातांची गाठ घट्ट बसली.

खाडी शांत होती. धक्का मागे गेला, माड मागे गेले. पट्टा जवळ आला तसं पाणी तपकिरी झालं आणि त्याखाली खडप दिसू लागलं, कालवांसकट.

दिगूने इंजिन बंद केलं. बटण दाबलं.

घुंई...

इंजिन वर आलं आणि थांबलं. जयवंताने बांधलेल्या दोरीतला बराचसा ढील आवळून घेतला.

दिगूने बांबू घेतला, टेकवला, अंग टाकून रेटला. होडी पुढे सरकली. खालून वाळू खसखसली. जयवंत रॉडाकडे बघत होता. दिगू बांबू रेटत मान वळवून रॉडाकडे बघत होता. वस्ताद मात्र लांबवर एका बगळ्याकडे बघत होते. काठावर तो एका पायावर उभा होता.

“काय झाला?” गोदाआयेने घाबरून विचारलं. “सगळे गप कित्याक?”

दिगूने बांबू आणखी एकदा रेटला.

खडप होडीच्या तळाला घासून गेलं, एकदा, अगदी हलकं. गोदाआयेने खुर्चीचे हात धरले. बांधलेली दोरी हालली, पण ताणली गेली नाही. ती सैलच राहिली. रॉड जिथल्या तिथे. मळकट, पिवळा, कोरडा.

मग पाणी पुन्हा हिरवं झालं.

दिगूने बांबू आत घेतला आणि मोठ्याने “हुश्श” केलं. जयवंताच्या छातीतून एवढा श्वास बाहेर पडला की आईने मागे वळून पाहिलं. तो हसत होता. डोळेही भरले होते, आणि काळ्या हातांनी ते पुसता येत नव्हते.

“झाला?” ती म्हणाली.

“झाला, आये. पोचलंव.”

“हिसको खंय बसलो? माका तर कळलाच नाय.”

“तांच तर,” दिगू म्हणाला आणि इंजिन सुरू केलं.

खाजणवाडीला उतरायच्या चार पायऱ्यांवर लेक उभी होती, पेज करून वाट बघत. खुर्ची अरुंद पायऱ्यांवर बसेना. तेव्हा जयवंताने वाकून आईच्या पाठीमागून हात घातला, दुसरा गुडघ्यांखाली, आणि तिला उचललं. लहान मुलासारखी हलकी झाली होती ती. शेवटचं तिला असं जवळ कधी धरलं होतं ते त्याला आठवेना. ती त्याच्या मानेला धरून लेकीला ओरडत होती की छत्री होडीत राहिली, औषधं राहिली, पेजेला मीठ घातलंस की नाय.

ओसरीवर तिला बाजेवर बसवलं. वस्ताद मागून लेकीबरोबर हळूहळू आले.

तेव्हा जयवंताला दिसलं. आईच्या नव्याकोऱ्या अबोली पदरावर, खांद्याशी, त्याच्या हाताचा काळा पंजा उठला होता. पाचही बोटं. ग्रीसचा डाग, जन्मात न निघणारा.

गोदाआये लेकीशी बोलण्यात गुंग होती. तिचं लक्ष नव्हतं.

जयवंताने पटकन खिशातून फडका काढला.

वस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

“आदी तिका बगांदे.”